तुर्की पडद्यावरची सोसणारी नायिका: तिचे निर्दोषत्व कोण सिद्ध करते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: हिंदीत डब झालेल्या तुर्की मालिका पाहताना प्रत्येक नायिका अपमान, आजार, सक्तीचे लग्न, अत्याचार किंवा मुलाची ताटातूट यांपैकी काहीतरी सोसतच असते, हे केवळ प्रेक्षकांना रडवून बांधून ठेवण्याचे तंत्र आहे की त्यामागे काही परंपरा आहे, आणि ही नायिका खरोखर इतकी हतबल आहे का? मी बराच काळ मालिकांच्या पटकथा विभागात काम केले आहे आणि मधल्या काही वर्षांत तुर्की मालिकांच्या डबिंगसाठी संवाद बसवण्याचे कामही केले आहे. त्यामुळे उत्तर समीक्षकाच्या बाजूने न देता कथा रचणाऱ्याच्या बाजूने देतो.

या नायिकेकडे पाहताना तिचे अश्रू मोजण्यापेक्षा एक गोष्ट तपासावी. तुर्की मेलोड्रामात, म्हणजे भावनांना हात घालणाऱ्या अश्रूप्रधान कथेत, ती निर्दोष आहे हे प्रेक्षकाला जवळजवळ पहिल्या प्रसंगापासून ठाऊक असते, परंतु कथेतल्या माणसांना ते ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ते मान्य करणे त्यांच्या सोयीचे नसते. प्रेक्षकाचे ज्ञान आणि कथेतल्या समाजाचे अज्ञान यांच्यातले हे अंतर टिकवून धरणे, वाढवणे आणि शेवटी मिटवणे हेच पटकथेचे मुख्य काम असते. नायिकेचे सोसणे हा त्या अंतराचा परिणाम असतो. म्हणून ती किती सोसते यापेक्षा सत्य शेवटी कोण उघड करते, हा प्रश्न विचारला की एका वरवर सारख्या दिसणाऱ्या परंपरेत किती वेगवेगळ्या स्त्रिया उभ्या आहेत ते दिसू लागते.

परंपरा जुनी आहे. इस्तंबूलच्या बेयोग्लू भागातील एका रस्त्यावर निर्मात्यांची कार्यालये होती आणि त्या रस्त्याच्या नावावरून तिथल्या लोकप्रिय चित्रपटसृष्टीला येशिलचाम म्हणू लागले. तिच्या ऐन भरात, म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तुर्कस्तानात वर्षाला सुमारे ३०० चित्रपट तयार होत होते. इतक्या चित्रपटांना पैसा पुरवणारी मोठी स्टुडिओव्यवस्था तिथे नव्हती. अदाना, इझमिर, सामसून अशा शहरांत बसलेले विभागीय वितरक निर्मात्याला आगाऊ रक्कम किंवा वचनचिठ्ठ्या देत आणि त्या बदल्यात आपल्या विभागातल्या प्रेक्षकाला कोणती नटी, कोणत्या प्रकारची कथा आणि कसा शेवट हवा आहे ते सांगत. या प्रेक्षकात स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांच्यासाठी दुपारचे वेगळे खेळ असत आणि उन्हाळ्यात उघड्यावरच्या चित्रपटगृहांत अख्खी कुटुंबे येत. रडवणारा चित्रपट हा धोका न पत्करणारा माल होता, कारण तो आधीच विकला गेलेला असे. सोसणाऱ्या नायिकेचा साचा एखाद्या दिग्दर्शकाच्या मनोवृत्तीतून आला असे मानणारे लोक हे आर्थिक गणित विसरतात.

कथांचा पुरवठा मात्र त्याआधीपासून तयार होता. केरिमे नादिर यांच्यासारख्या लेखिकांच्या भावुक कादंबऱ्या वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकरूपाने घरोघर पोहोचल्या होत्या. त्यांच्या 'हिचकिरिक' या १९३० च्या दशकातील कादंबरीवर १९५३ आणि १९६५ असे दोनदा चित्रपट झाले, आणि क्षयाने खंगत जाणारी प्रेयसी ही तुर्की पडद्याची ओळखीची आकृती झाली. ईजिप्तच्या गाणेप्रधान मेलोड्रामाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस इस्तंबूलमध्ये जी गर्दी खेचली, तिचाही यात भाग आहे.

आणि इथे आपल्याकडचा एक खराखुरा धागा आहे. राज कपूर यांचा 'आवारा' १९५० च्या दशकाच्या मध्याला तुर्कस्तानात प्रदर्शित झाला आणि विलक्षण गाजला. पुढे १९६४ मध्ये त्याची तुर्की आवृत्तीही निघाली. 'आवारा' म्हटले की आपल्याला टोपी घातलेला राज आठवतो, परंतु त्या कथेचा पाया लीलेवर झालेल्या अन्यायावर उभा आहे. दरोडेखोराच्या तावडीतून सुटून आलेल्या गरोदर पत्नीला न्यायाधीश रघुनाथ केवळ संशयावरून घराबाहेर काढतो, ती निर्दोष आहे हे प्रेक्षकाला माहीत असते, आणि तो गुंता सुटायला एक पिढी आणि एक न्यायालय लागते. हा साचा तुर्की प्रेक्षकाने परका म्हणून पाहिलाच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या चित्रपटांचा सांगाडाही तोच होता.

येशिलचाममध्ये या सांगाड्याची मांडणी साधारण अशी होत असे. गरीब पण अब्रूदार मुलगी, बॉस्फरसच्या काठावरच्या वाड्यातला श्रीमंत तरुण, एक मत्सरी प्रतिस्पर्धी स्त्री किंवा अहंकारी सासू, आणि एक गैरसमज. हा गैरसमज एका वाक्यात दूर होऊ शकतो हे प्रेक्षकाला कळते, पण नायिका ते वाक्य उच्चारत नाही. कधी तिच्या आईला दिलेला शब्द आड येतो, कधी मुलाचे भविष्य, कधी तिचा स्वाभिमान. मग ती आंधळी होते, किंवा गाणाऱ्या बाईच्या रूपात रात्रीच्या मैफलींच्या जगात जाते, तिथे नाव कमावते आणि उंची पोशाखात परत येते. अपमान करणारा माणूस तिला ओळखतही नाही. इथवर सूडकथेची सारी तयारी झालेली असते. तरीही शेवटी एखादे पत्र, एखादा वृद्ध डॉक्टर किंवा मरणाऱ्या दाईची कबुली नायकासमोर येते, नायक पश्चात्तापाने कोसळतो आणि ती क्षमा करते. सत्य तिच्याबद्दलचे असते, परंतु ते सांगण्याचा अधिकार पत्राला किंवा डॉक्टरला असतो आणि ते स्वीकारण्याचा अधिकार नायकाला.

या काळाचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणून मुहतेरेम नूर यांचे नाव घ्यावे लागते. मेमदुह उन यांच्या १९५८ च्या 'उच आर्कादाश' या चित्रपटात त्यांनी आंधळ्या मुलीची भूमिका केली. तिला आधार देणारे तिघे कफल्लक मित्र तिच्यासमोर श्रीमंतीचे सोंग आणतात. हा चित्रपट आजही गोड वाटतो, परंतु त्याने नूर यांच्या कपाळी जो शिक्का मारला तो पुसला गेला नाही. पुढच्या पिढीच्या चौघी म्हणजे तुर्कान शोराय, हुल्या कोचयिगित, फातमा गिरिक आणि फिलिझ आकिन. त्यांनी हा साचा आपापल्या परीने वाकवला. गिरिक यांची प्रतिमा तर पुरुषांशी दोन हात करणारीची होती, आणि त्या १९८९ ते १९९४ या काळात इस्तंबूलच्या शिशली भागाच्या महापौरही झाल्या. पण चौघींनाही रडवणाऱ्या भूमिका कराव्या लागल्याच.

माझ्या व्यवसायामुळे मला नेहमी थबकायला लावणारी एक गोष्ट इथे सांगतो. येशिलचामचे चित्रपट बहुतांशी आवाजाशिवाय चित्रित होत आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. पडद्यावरच्या नटीचा आवाज बहुधा तिचा नसे. आदालेत जिमजोझ यांच्यासारख्या मोजक्या आवाज-कलावंतांनी अनेक नायिकांना आवाज दिला. म्हणजे इझमिरमधली प्रेक्षक आठवड्यामागून आठवडा वेगवेगळे चेहरे पाहत होती, पण हुंदका बऱ्याचदा एकच ऐकत होती. चेहरे बदलले तरी सोसणारी स्त्री एकच आहे, अशी जी भावना त्या काळच्या प्रेक्षकांत होती, तिला हे एक अगदी तांत्रिक कारण आहे. अभ्यासकांनी प्रतिमांवर पुष्कळ लिहिले आहे, आवाजावर त्या मानाने कमी.

आता हतबलतेचा प्रश्न. पडद्यावर सर्वाधिक सोसणाऱ्या शोराय यांनी पडद्याबाहेर आपल्या अटी ठरवून घेतल्या होत्या, आणि त्या 'तुर्कान शोरायचे कायदे' या नावाने प्रसिद्ध आहेत: चुंबनदृश्य नाही, अंगप्रदर्शन नाही, पटकथा आधी हातात हवी, रविवारी काम नाही. त्या अटींमागे नैतिकतेचा विचार होता तसा धंद्याचाही होता, कारण त्यांची प्रेक्षक असलेली गृहिणी ज्या चौकटीत जगत होती तिच्याबाहेर नायिकेने पाऊल टाकलेले तिला चालले नसते. १९७२ मध्ये त्यांनी 'दोनुश' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. नवरा कामासाठी जर्मनीला गेल्यावर गावात मागे राहिलेल्या बाईची ती कथा आहे. ती बाईही सोसते, परंतु इथे दुःखाचे कारण नशीब नसून स्थलांतर आहे, आणि हा फरक लहान नाही.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे दिग्दर्शक लुत्फी आकाद यांच्या चित्रपटांत दिसतो, आणि त्यांच्याजवळ थोडे थांबायला हवे. त्यांनी १९४९ मध्ये हालिदे एदिप यांच्या कादंबरीवर 'वुरून काहपेये' करून सुरुवात केली. त्यात स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात अनातोलियातल्या गावी शिकवायला गेलेली तरुण शिक्षिका धर्मांधांनी भडकावलेल्या जमावाच्या हातून मारली जाते. तिच्या निर्दोषत्वाचा निर्णय तिच्या मृत्यूनंतर राष्ट्र करते. १९६८ च्या 'वेसिकाली यारिम' मध्ये शोराय यांची साबिहा ही मैफलीच्या अड्ड्यावर काम करणारी स्त्री आहे, तिचा प्रियकर भाजीपाल्याचे दुकान चालवणारा माणूस आहे, आणि तो विवाहित आहे हे तिला उशिरा कळते. येशिलचामच्या नेहमीच्या मांडणीत इथे एक दुष्ट स्त्री लागली असती आणि एक चुकीचा आरोप. आकाद तसे काहीच करत नाहीत. कोणी दुष्ट नाही, कोणी खोटे बोलून कट रचत नाही, आणि माघार घेण्याचा निर्णय साबिहा स्वतः घेते. ती बळी आहे असे म्हणता येते, पण कोणाची, हे सांगता येत नाही.

मग १९७३ चा 'गेलिन', म्हणजे 'सून'. योझगातहून इस्तंबूलला आलेले एक कुटुंब किराणा दुकान वाढवण्याच्या मागे लागले आहे. सून मेरयेम हिच्या लहान मुलाला हृदयाचा विकार आहे, शस्त्रक्रियेला पैसे लागणार आहेत, आणि घरात पैसा आहे. पण तो नव्या दुकानात गुंतवायचा आहे, म्हणून सासरा आजाराकडे दुर्लक्ष करतो. मूल बकरी ईदच्या दिवशी मरते. हुल्या कोचयिगित यांनी उभी केलेली मेरयेम इथपर्यंत परंपरेतली अगदी ओळखीची सून आहे: मान खाली, आवाज हलका, विनवणी करणारी. त्यानंतर ती दुकान पेटवते, घर सोडते आणि कारखान्यात कामाला लागते. कुटुंबाने तिला मारायला पाठवलेला नवरा शेवटी तिच्या बाजूला येऊन उभा राहतो. या चित्रपटात एकही पत्र नाही, पश्चात्ताप पावलेला सासरा नाही, आणि प्रेक्षकाला जे माहीत आहे ते घरातल्या सर्वांनाही पहिल्यापासून माहीत आहे. मूल आजारी आहे हे गुपित नव्हतेच. ते मान्य करणे महाग पडणार होते, एवढेच. मेलोड्रामाचे यंत्र उघडून आत काय आहे ते दाखवणारा इतका स्वच्छ चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही.

आतिफ यिलमाझ यांच्या 'सेल्वी बोयलुम, अल याझमालिम' या १९७७ च्या चित्रपटाचा उल्लेख तुर्की माणसाशी बोलताना टाळता येत नाही. किर्गीझ लेखक चिंगिझ ऐत्मातोव यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. ट्रकचालक इल्यासवर प्रेम करून त्याच्याशी संसार थाटणारी आस्या त्याच्या बेइमानीनंतर मूल घेऊन बाहेर पडते, जेमशित नावाचा शांत स्वभावाचा माणूस तिला आणि मुलाला सांभाळतो, आणि काही वर्षांनी इल्यास परत येतो. सगळी परंपरा सांगते की तिने पहिल्या प्रेमाकडे, मुलाच्या जन्मदात्याकडे जावे. ती जेमशितची निवड करते, कारण तिच्या मते प्रेम म्हणजे घेतलेले कष्ट. इथे सोसणारी स्त्रीच न्यायाधीशाच्या जागी बसते आणि दोन पुरुषांचा निकाल देते.

१९८० च्या दशकाविषयी फार लांबवत नाही. मुज्दे आर यांनी केलेल्या भूमिकांनी आणि आतिफ यिलमाझ यांच्याच 'मिने', 'आदी वास्फिये' आणि 'आआह बेलिंदा' या चित्रपटांनी स्त्रीच्या इच्छेला पडद्यावर जागा दिली. 'मिने'मध्ये शोराय यांनी स्वतःचे कायदे मोडले. 'आदी वास्फिये'मध्ये एका स्त्रीची कहाणी चार पुरुष आपापल्या सोयीने सांगतात, आणि कोणाची वास्फिये खरी हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही, म्हणजे मेलोड्रामाचा मूळ करारच तिथे मोडला जातो. दशकाच्या अखेरीस एर्तेम एइल्मेझ यांनी 'आराबेस्क' या विनोदी चित्रपटात नायिकेवरच्या संकटांची इतकी रास घातली की ज्या प्रेक्षकांनी आयुष्यभर रुमाल भिजवले तेच पोट धरून हसले. साचा संपला, असे तेव्हा अनेकांना वाटले असणार.

पण त्याच वर्षांत एक खरी स्त्री त्या साच्यात अडकून मेली. गायिका बेर्गेन हिच्यावर १९८२ मध्ये तिच्या नवऱ्याने घडवून आणलेला आम्लहल्ला झाला आणि तिचा एक डोळा गेला. केसांची बट त्या डोळ्यावर ओढून ती गात राहिली. १९८६ च्या तिच्या अल्बमचे नाव 'दुःखांची स्त्री' या अर्थाचे होते आणि तेच तिचे बिरुद झाले. १९८९ मध्ये त्याच माणसाने, तोवर घटस्फोट झालेला असताना, तिला गोळ्या घालून मारले. मेर्सिन येथील तिच्या कबरीभोवती लोखंडी पिंजरा आहे. तिच्यावरचा चित्रपट २०२२ मध्ये आला आणि तुफान चालला. या प्रकरणाकडे मी व्यवसायातल्या नव्या मुलांचे लक्ष मुद्दाम वेधतो. बेर्गेनच्या वेदनेला लोकांनी तिच्या हयातीत उदंड दाद दिली. ती वेदना गुन्हा आहे आणि गुन्ह्याला गुन्हेगार असतो, हे मात्र बिरुदाच्या झगमगाटात मागे पडले. सोसणे सुंदर करून दाखवण्याचा धोका कोणता, हे सांगायला मला याहून वेगळे उदाहरण लागत नाही.

आता आपण पाहिलेल्या मालिकांकडे येतो. तुर्की मालिका आठवड्यातून एकदा दाखवली जाते आणि तिचा एक भाग बहुधा दोन तासांहून मोठा असतो, म्हणजे दर आठवड्याला एक चित्रपटच. या लांबीविरुद्ध तिथल्या कलाकार-तंत्रज्ञांनी २०१० च्या अखेरीस जाहीर निदर्शनेही केली होती. वाहिनीला जाहिरातींसाठी लांब भाग हवा असतो, प्रेक्षकसंख्या घसरली तर मालिका काही आठवड्यांत बंद होते, आणि लेखकांना दर आठवड्याला शंभराहून अधिक पाने द्यावी लागतात. अशा वेळी ज्ञान आणि अज्ञान यांच्यातले ते जुने अंतर लेखकाच्या कामी येते. गुपित जितके उशिरा फुटेल तितके आठवडे हाती लागतात. डबिंगच्या टेबलावर हे फार जाणवते: आपल्याकडच्या दैनंदिन मालिकेत ज्या जागी संवादांची सरबत्ती असते, त्या जागी तुर्की मालिकेत दोन माणसे एकमेकांकडे पाहत असतात, संगीत वाजत असते आणि आमच्याकडे बसवायला संवादच नसतो. नायिका जे बोलत नाही त्यावरच तो प्रसंग चाललेला असतो.

लांबी कथेला काय करते याचे एक मोजता येणारे उदाहरण देतो. २०१३ ची जपानी मालिका 'वुमन' ११ भागांची आहे. पती गमावलेली, दोन लहान मुलांची गरीब आई, तिचा रक्ताचा गंभीर आजार, दुरावलेली आई आणि मत्सरी सावत्र बहीण असा तिचा आशय आहे. तिच्यावरून झालेली तुर्की 'कादिन' ही मालिका २०१७ ते २०२० या काळात ८१ भाग चालली. अर्थातच नुसते ताणून हे साधत नाही. जपानी कथेतला पती मेलेला आहे आणि मेलेलाच राहतो. तुर्की कथेत तो जिवंत निघतो, दुसऱ्या कुटुंबात अडकलेला असतो, आणि नायिका बहार व तिचा नवरा यांनी एकमेकांबद्दलचे सत्य केव्हा कळून घ्यायचे, हे नवे अंतर निर्माण होते. जपानी मालिकेचा भर दारिद्र्यात मूल वाढवण्याच्या रोजच्या झुंजीवर होता. तुर्की मालिकेने तो ठेवला आणि त्यावर येशिलचामचा जुना सांगाडा चढवला. शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात. मला वाटते, चाळीतल्यासारख्या त्या घरातले बहार आणि मुलांचे साधे, हसरे प्रसंग इतके चांगले लिहिले आहेत की पुनरुज्जीवित नवऱ्याला माफ करता येते.

'बिनबिर गेजे' (२००६ ते २००९) तर या यंत्राचा पाठ्यपुस्तकी नमुना आहे. मुलाच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारासाठी पैसे हवे असलेली वास्तुविशारद शेहराझात आपल्या मालकाकडे कर्ज मागते, आणि तो एका रात्रीच्या बदल्यात दीड लाख डॉलर देऊ करतो. तिला पैसे कशासाठी हवेत हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. त्यानंतरचे भागांमागून भाग त्याच्या कळण्यावर, पश्चात्तापावर आणि तिच्या क्षमेवर चालतात. पोशाख आधुनिक आहेत, पण निर्णय १९६५ चाच आहे: पुरुषाला कळले की स्त्रीचा डाग धुतला जातो.

म्हणूनच 'फातमागुलचा दोष काय?' अशा अर्थाचे नाव असलेली मालिका महत्त्वाची ठरते. आपल्याकडे ती २०१५ मध्ये झिंदगी वाहिनीवर 'फातमागुल' या नावाने दाखवली गेली आणि मराठी घरांतही पाहिली गेली. मूळ पटकथा वेदात तुर्काली यांची. तिच्यावर सुरेय्या दुरू यांनी १९८६ मध्ये हुल्या आवशार यांना घेऊन चित्रपट केला होता. त्या काळच्या तुर्की दंडसंहितेत, कलम ४३४ अन्वये, बलात्कार करणाऱ्याने पीडितेशी लग्न केले तर शिक्षा टळू शकत असे, आणि चित्रपटातले लग्न त्या तरतुदीच्या छायेत होते. २००४ मध्ये संमत होऊन १ जून २००५ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत ती तरतूद राहिली नाही. त्यामुळे २०१० मध्ये मालिका लिहिणाऱ्या एजे योरेंच आणि मेलेक गेंचोग्लू यांच्यापुढे अडचण होती, कारण कथेचा कणाच कायद्यातून नाहीसा झाला होता. त्यांनी सक्तीचे लग्न ठेवले, पण त्याचा आधार बदलला: श्रीमंत कुटुंबाचा वकील, पैशाला भुललेली वहिनी, गावाची बदनामीची भीती. कायद्याने जे सोडून दिले ते समाज अजून चालवतो आहे, असे दाखवणारी ती मांडणी झाली.

या मालिकेवरचे आक्षेप मला मान्य आहेत. पहिल्या भागातल्या अत्याचाराच्या प्रसंगाची वृत्तपत्रांत जी चविष्ट चर्चा झाली ती लाज आणणारी होती. शिवाय ज्या केरिमशी तिचे लग्न लावले जाते तो प्रत्यक्ष अत्याचारात सामील नव्हता, असे ठरवून लेखिकांनी प्रेमकथेसाठी वाट मोकळी करून घेतली, आणि त्यामुळे मूळ प्रश्नाची धार कमी झाली. तरीही बेरेन सात यांची फातमागुल जवळजवळ पहिला सगळा टप्पा त्या घरात ज्या तुटकपणे वावरते, स्पर्श नाकारते, वेगळी झोपते आणि कोणाच्याही सोयीसाठी लवकर बरी होत नाही, ते त्याआधीच्या लोकप्रिय पडद्यावर क्वचितच दिसले होते. ८० भागांच्या शेवटाकडे सत्य उघड होते ते तिच्या तोंडून, न्यायालयात, आरोपींसमोर. मला तो प्रसंग मेरयेमने दुकान पेटवण्याइतकाच निर्णायक वाटतो, आणि लोकप्रियतेच्या मोजमापाने त्याहून अधिक, कारण तो तुर्कस्तानाबाहेर अरब देशांत, लॅटिन अमेरिकेत आणि आपल्याकडेही पोहोचला. प्रश्न मात्र तिथे मिटलेला नाही. २०१६ मध्ये अल्पवयीन मुलींच्या बाबतीत लग्नानंतर शिक्षा टाळू देणारा प्रस्ताव तुर्की संसदेत आला होता आणि मोठ्या विरोधानंतर मागे घेतला गेला. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या ज्या कराराला इस्तंबूलचेच नाव आहे त्यातून तुर्कस्तान २०२१ मध्ये बाहेर पडला.

सर्व नायिका निर्दोष असतात असेही नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. 'आश्क-इ मेम्नू'ची बिहतेर, जी १९०० च्या कादंबरीतून आली, १९७५ मध्ये मुज्दे आर यांनी आणि २००८ ते २०१० मध्ये बेरेन सात यांनी रंगवली, ती नवऱ्याच्या आश्रिताशी संबंध ठेवते आणि शेवटी स्वतःला संपवते. तिच्यासाठी लोक रडले ते तिचा अपराध माहीत असून. 'फेरिहा' मालिकेची नायिका फेरिहा खोटे बोलते, इमारतीच्या तळघरात राहणाऱ्या रखवालदाराची मुलगी असून श्रीमंत असल्याचे सोंग आणते. अशा नायिकांना मी जास्त जवळच्या मानतो, पण तुर्की प्रेक्षकाने त्यांना शिक्षा न होता कधी जाऊ दिलेले नाही.

अलीकडच्या काळात दोन वळणे आली आहेत. पहिले मानसोपचाराचे: मनोविकारतज्ज्ञ गुलसेरेन बुदायजीओग्लू यांच्या पुस्तकांवरून 'किरमिझी ओदा', 'मासुमलार आपार्तमानी' यांसारख्या मालिका निघाल्या. त्यांत सोसण्याला बालपणातील आघात हे कारण मिळाले आणि सत्य ऐकणारी व्यक्ती म्हणून पश्चात्तापदग्ध नायकाच्या जागी डॉक्टर आली. 'मासुमलार आपार्तमानी'तली स्वच्छतेच्या वेडाने ग्रासलेली साफिये ही सोसणारी आहे आणि घरातल्या इतरांना सोसायला लावणारीही आहे, आणि एझगी मोला यांनी ते दोन्ही एकाच देहात बसवले. दुसरे वळण 'किझिलजिक शेरबेती'चे, जिथे धार्मिक घरातील नुरसेमा हिला मनाविरुद्ध लग्न लावून दिल्यावर पहिल्याच रात्री नवरा खिडकीतून ढकलतो. प्रसारण नियामक मंडळाने २०२३ मध्ये वाहिनीला दंड केला आणि मालिकेचे प्रक्षेपण पाच वेळा थांबवले. कारण दिले गेले ते स्त्रीवरील हिंसेच्या चित्रणाचे. मला त्यात एक गमतीदार विसंगती दिसते: शांतपणे रडणारी, घरात कोंडलेली, थप्पड खाणारी नायिका वर्षानुवर्षे पडद्यावर वावरते आहे, आणि तिच्यामुळे इतका गदारोळ क्वचितच होतो. ढकलणाऱ्याचा सामाजिक पत्ता ओळखू येऊ लागला की मात्र चित्रण अडचणीचे ठरते.

आपल्या प्रश्नातला शेवटचा भाग असा होता की अशा मालिका पाहाव्यात की नाही, आणि मुलींना दाखवाव्यात का. 'फातमागुल' पाहिली असेल तर त्यानंतर 'गेलिन' अवश्य पाहा; तो दीड तासाच्या आसपासचा आहे. मग 'बिनबिर गेजे'चे पहिले काही भाग पाहा आणि प्रत्येक ठिकाणी एवढेच लक्षात ठेवा की ती खरी आहे हे कोणाला आधी कळते, कोण सांगते आणि कोणाच्या मान्यतेनंतर तिला पुन्हा उजळ माथ्याने वावरता येते. मुलींबरोबर पाहत असाल तर 'फातमागुल'च्या पहिल्या भागातला अत्याचाराचा प्रसंग वगळा, न्यायालयाचे भाग मात्र वगळू नका.